साडेपाच हजार मीटरवरचं पित्त

आमच्या केज तालुक्यात कुणाचं डोकं दुखत नाही, पित्त होतं. वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं उभा राहून मी हे सांगतोय. ऊन लागलं तर पित्त, उपास केला तर पित्त, उपास सोडला तरी पित्त. पाहुणे आले की सासूला होतं आणि पाहुणे गेले की सुनेला. माणूस दुकानाची पायरी चढतो, कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "पित्ताची गोळी द्या." मी देतो. उपाशीपोटी घ्या, एवढं वर सांगतो. हे पित्तच आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर लोक समोरच्या दुकानात गेले असते.

आम्ही सहा जण हिमालयात गेलतो. सहा हजार मीटरच्या थोडं वर जाणारं एक शिखर होतं. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, इकडं ते कुणाला ठाऊक नाही आणि आम्ही त्यावर पोचलोही नाही. सहा जणांत एक एसटीचा कंडक्टर, दोन प्राध्यापक, एक शेतीच्या औषधांचा दुकानदार, मी आणि सर. सर म्हणजे माझा कॉलेजपासूनचा दोस्त, तेलगावजवळच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. सगळा परिसर त्याला सर म्हणतो म्हणून चारचौघांत मीही सर म्हणायचो, दोघंच असलो की नुसतं 'बे'. लिहिताना सरच म्हणतो, पण अहोजाहो करायला लावू नका, ते मला जमायचं नाही.

वेड त्याचं. तीन वर्षं तो आम्हाला दर रविवारी धारूरच्या घाटात चढवत होता, पाठीवर पिशवीत वीस किलो ज्वारी घेऊन. मोटरसायकलवाले थांबून विचारायचे, "कावून पायी चाललाव? गाडी बंद पडली का?" सर त्यांना सांगायचा, हिमालयात जायचंय. ते मान हलवायचे आणि पुढं जाऊन पुन्हा मागं वळून बघायचे. मी शेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला. आयुष्यात काउंटरच्या आतली चार फूट जागा सोडून कुठं उभा राहिलो नव्हतो. कुणाला सांगितलं नाही, पण ते शिखर मला सरापेक्षा जास्त हवं होतं.

निघायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला. आमचे सहा फोटो, मागं नेटवरून उचललेला कुठला तरी बर्फाचा डोंगर आणि खाली शुभेच्छुकांची रांग. वर मोठ्या अक्षरांत: 'शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. अजून आम्ही बॅगाही भरल्या नव्हत्या. फ्लेक्सवाल्याला फोन केला तर म्हणाला, "आता छापलंय, तुमी तेवढं करून या."

स्टँडवर सोडायला सराची बायको आली होती, माझी वहिनी. तिनं मला बाजूला घेतलं. "भावजी, हे सांगायचे न्हाईत. अंगात ताप आसला तरी ग्राउंडवर जात्यात. तुमी औषधवाले हाव, तुमच्या भरवशावर पाठवायले."

"वहिनी, मी हाय की," मी म्हणालो. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा अगदी सहज म्हणालो होतो.

औषधाची पेटी माझ्याकडं होती. तयारी मी चोख केली होती, यात मला कुणी नावं ठेवू शकत नाही. पेटीच्या उजव्या बाजूला उंचीवरच्या आजाराची औषधं, मेंदूची सूज उतरवायचं इंजेक्शनसुद्धा. डाव्या बाजूला आपली नेहमीची: ताप, जुलाब, पित्त. आणि झाकणाला आतून मी माझ्या हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता. डोकेदुखी, मळमळ, उलटी, भूक न लागणे, चालताना तोल जाणे. यातलं काहीही झालं तर वर जायचं नाही, आणि कमी झालं नाही तर सरळ खाली उतरायचं. रेल्वेत तो कागद मी सगळ्यांना दोनदा वाचून दाखवला. कंडक्टर म्हणाला, "आता परीक्षा घेताव का आमची?"

बेस कॅम्पला आमचा गाईड भेटला. तिथल्याच डोंगरातला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मेरे पास एक ही हेल्पर है. एक भी बंदा बीमार हुआ, तो पूरी टीम नीचे." आम्ही सहाही जणांनी मान डोलावली. त्या क्षणापासून आमच्यात कुणी आजारी पडणार नव्हतं, हे त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

रोज सकाळी तो चहाचा कप हातात देताना विचारायचा, "सिर दर्द? उलटी? खाना ठीक?" आम्ही ओळीनं नाही, नाही, ठीक म्हणायचो. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र सगळ्यांचेच आकडे कमी दाखवत होतं, त्यामुळं त्यावरून फारसं काही कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर सर स्वयंपाकाच्या तंबूमागं माझ्याजवळ आला. डोळे बारीक केलेले, कपाळाला हात.

"पित्त झालंय बे. गोळी दे."

आदल्या दिवशी आम्ही घरून आणलेला ठेचा संपवला होता, कडक भाकरीबरोबर. म्हणजे कारण तयारच होतं. मी पेटी उघडली. झाकण वर झालं तसा कागद माझ्या तोंडासमोर आला, माझंच अक्षर. माझा हात डाव्या बाजूला गेला. वीस वर्षांची सवय, म्हणा. एखाद्यानं 'पित्त' म्हटलं की माझा हात विचारत नाही, गोळी काढतो. सर जर म्हणाला असता, "माझं डोकं दुखतंय," तर मी थांबलो असतो. तो हिंदीत म्हणाला असता तरी मी थांबलो असतो, असं मला वाटतं. पण तो आमच्या घरच्या शब्दात म्हणाला, आणि त्या शब्दाला आमच्याकडं कुणी घाबरत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान पोचवायला वरच्या कॅम्पला निघालो. वाटेत सर एका खडकामागं गेला आणि त्याला उलटी झाली. गाईडनं आवाज ऐकला. तो खाली उतरून आला. "क्या हुआ?"

सर तोंड पुसत माझ्याकडं वळला, मराठीत म्हणाला, "सांग त्याला. पित्त हाय म्हणावं. ठेचा बाधला."

"क्या बोल रहा है?" गाईडनं मला विचारलं.

"एसिडिटी," मी म्हणालो. "मिर्ची खाया बहुत."

"सिर दर्द है?"

"थोड़ा. एसिडिटी का."

त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. "तुम डॉक्टर है?"

"मेडिकल है मेरा," मी म्हणालो.

आमच्याकडं मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान, शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्यानं काय अर्थ घेतला ते पुढच्याच वाक्यात कळलं. "अच्छा, डॉक्टर साब, आप देख लेना," असं म्हणून तो पुढं गेला. त्याला हाक मारून 'डॉक्टर नाही, दुकानदार' एवढं सांगायला मला कितीसा दम लागला असता? मी सांगितलं नाही. उलट छाती थोडी फुगली, हेही लिहून ठेवतो. पुढचे दोन दिवस तो मला डॉक्टर साब म्हणत होता, प्राध्यापक हसत होते आणि मी ऐकून घेत होतो.

मला खरंच वाटत होतं का ते पित्त आहे? आठ महिने मी याच प्रश्नात अडकलोय. कधी वाटतं, हो, वाटत होतं, सवयच तशी. मग आठवतं की त्या दिवसापासून मी पेटी उघडताना झाकण पूर्ण वर करत नव्हतो. अर्धं उचलून आत हात घालायचो. ज्याला काही ठाऊक नाही, तो माणूस असं करत नाही.

दोन दिवसांनी आम्ही साडेपाच हजार मीटरवरच्या शेवटच्या कॅम्पला चढलो. हवा अगदी मोकळी होती. शिखर समोर दिसत होतं, इतकं जवळ की कंडक्टरनं त्याला हात जोडले. सर सगळ्यांच्या मागं राहिला होता. नेहमी सगळ्यांच्या पुढं असायचा. दुपारच्या सुमारास तो पोचला, बर्फात बसला आणि बुटाला लावलेले खिळ्यांचे पट्टे सोडायला लागला. आम्ही तंबू ठोकत होतो. पहिला तंबू उभा राहिला, दुसरा राहिला, तरी तो त्याच पट्ट्याशी झटत होता.

मी जवळ गेलो. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "जीप भरली का बे?"

मी हसलो. केजच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि आम्ही दोघांनी आयुष्यातले कितीतरी तास ती भरायची वाट बघण्यात घालवलेत. मला वाटलं, गंमत करतोय. मी म्हणालो, "दोन शिटं राह्यलीत."

"मंग चहा पिऊन येऊ," तो म्हणाला आणि उठायला गेला. तेव्हा मी त्याचे डोळे पाहिले. तो माझ्याकडं बघत होता, पण त्याला स्टँड दिसत होतं.

गाईड धावत आला. त्यानं बर्फावर दोर सरळ टाकला आणि सराला त्यावरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. शाळेतल्या पोरांकडून कवायतीत हेच करून घेणारा माणूस. दुसऱ्या पावलाला तो डावीकडं कोसळला.

"कब से?" गाईडनं विचारलं. सराला नाही, मला.

"तीन दिन से," मी म्हणालो. खरं म्हणजे चार झाले होते. त्या क्षणीसुद्धा मी एक दिवस कमी सांगितला.

तो मला शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "इंजेक्शन निकालो, डॉक्टर साब." मी पेटीचं झाकण पूर्ण उघडलं. कपडे सोडवायला वेळ नव्हता, सुई कपड्यावरूनच मांडीत घातली. त्यानंतर दोन दोर, दोन माणसं पुढं, दोन मागं, आणि मध्ये सर, कधी पायांवर, कधी पाठीवर. उजेड होता तोवर आम्ही बेस कॅम्प गाठला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीरस्ता लागला.

उतरताना मला राग आला होता. भीती नंतर वाटली, आधी राग, आणि तो सरावर. त्याचं ओझं खांद्यावर घेऊन चालताना माझ्या मनात आलं की यानं अजून एक दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं? हा विचार माझ्याच डोक्यात आला, दुसऱ्या कुणाच्या नाही. माझ्या मागं कंडक्टर रडत होता, आणि तोही सरासाठी रडत नव्हता.

खालच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूला सूज असल्याचं सांगितलं. आणखी एक रात्र वर राहिला असता तर खाली आणायची घाई करावी लागली नसती, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. मग कागदावर बघून, "इंजेक्शन कुणी दिलं?" मी हात वर केला. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. हेच वाक्य पुढं गावाकडं पोचलं. बाकीचं पोचलं नाही.

सर वाचला. आता तो चालतो, पण डावा पाय जरा ओढत. एका पायावर उभा राहू शकत नाही. शाळेनं सांभाळून घेतलंय, ग्राउंडऐवजी ग्रंथालयात बसवलंय. शब्द निसटतात त्याचे. शिट्टी म्हणायची असते आणि चावी म्हणतो, मग स्वतःवरच चिडतो. मी जवळ असलो की तो माझ्याकडं बघतो आणि मी शब्द पुरवतो. त्याची आता सवयच झालीय, त्याला आणि मला. डॉक्टर म्हणतात हळूहळू सुधारेल.

लोक मात्र लोकच. फ्लेक्स तसाच लटकत होता. येणारेजाणारे विचारायचे, "काय सर, शिखर सर केलं म्हनं?" आणि सर सगळ्यांना सांगायचा, "पित्त झालतं. परत यावं लागलं." मग चहाच्या टपरीवर चेष्टा सुरू झाली. हिमालय चढायला गेले आणि पित्तानं हरवलं. माझ्या दुकानात उभं राहून लोक हे बोलायचे आणि मला टाळी द्यायला हात पुढं करायचे. मी तिथंच सांगू शकत होतो की गाढवांनो, माणूस मरत होता. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तुम्ही सोबत असून कळलं कसं नाही. मी टाळी द्यायचो.

वहिनीचं तर वेगळंच. ती भेटेल त्याला सांगायची, "भावजी व्हते म्हणून वाचले." दिवाळीच्या आधी तिनं टोपलीभर सीताफळं पाठवली. माझी बायको कौतुकानं एकेक फोडून मुलांना देत होती. मी एकालाही हात लावला नाही. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

परवाच्या रविवारी दुपारी मी तेलगावला गेलो. ठरवूनच गेलो. सर ओसरीवर खुर्चीत बसला होता, वहिनी आत चहा करत होती. मी इकडचं तिकडचं न बोलता सुरुवात केली. मी हळू बोलत होतो, पण सगळं बोललो. गोळी, कागद, अर्धं झाकण, मेडिकल है मेरा, तीन दिवस म्हणालो ते. शिखर मला किती हवं होतं तेही सांगितलं. बोलताना माझं रडू आवरलं नाही.

सरानं मध्ये तोडलं नाही. मग तो म्हणाला, शब्द एकेक उचलून ठेवत, "त्यो कागद मला पाठ व्हता बे. तूच वाचून दावलास. दोनदा."

"मग तुला माहीत व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग गाईडला कावून न्हाई सांगितलंस?"

"त्याला सांगितलं आसतं तर त्यानं खाली नेलं आसतं." मग माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "म्हणून तुला सांगितलं."

आठ महिने मी माफी मागायची तयारी करत होतो. मला कुणी फसवलं नव्हतं. मी नकळत चुकलोही नव्हतो. सहा जणांतून त्यानं मला निवडलं होतं, कारण मी काय करीन हे त्याला पक्कं ठाऊक होतं. याच्यावर माफी कशाची मागतात ते मला कळेना.

कपबशीचा आवाज आला म्हणून मी मान वळवली. वहिनी दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिनं चहाचा ट्रे खाली उंबऱ्याजवळ ठेवला आणि पदरानं हात पुसले.

"म्हंजे तुमा दोघांलाबी म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "आन् मी तुमाला स्टँडवर सोडून रोज हिकडं देवाला हात जोडत व्हते."

मी ट्रे उचलायला पुढं झालो, तिनं हातानंच थांबवलं.

"एकदाबी माझा इचार आला न्हाई का वो तुमाला? वर चढताना? एकदा तरी?"

हे ती सराला विचारत होती. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द सापडेना. त्याची मान सवयीनं माझ्याकडं वळली आणि मी, देवाशपथ, बोलायला श्वास घेतलासुद्धा.

"भावजीकडं बघू नका," वहिनी म्हणाली. "तुमीच सांगा."